तापी, गिरणा, वाघूर काठची जलपर्णी: काढायची कधी, टाकायची कुठे, अडवायची कशी

तापीकाठचा

राम राम मंडळी. गावतळी, बंधारे आणि धरणांच्या फुगवट्यातल्या जलपर्णीवर हा धागा काढतोय. माहिती एका जागी राहावी, एवढाच हेतू. कोणी केंदाळ म्हणतं, कोणी जलकुंभी, वनस्पती एकच. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. फुलं देखणी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणली गेली आणि तिथून देशभर पसरली.

सगळ्यात मोठी चूक हंगामाची होते. पावसाळ्याच्या तोंडावर गवगवा होतो, चार दिवस जेसीबी लागतो आणि पहिल्या पुरात उरलेली जलपर्णी खाली वाहून जाते. पुरात वाहिली म्हणजे गेली, असं नाही. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर सुटलेला थर खाली सुलवाडे, मग सारंगखेडा, मग प्रकाशा हे बंधारे, तिथून उकाईचा फुगवटा आणि शेवटी सुरतचा बंधारा, असा मुक्काम करत जातो. वरच्या गावाने ढकललेलं खालच्या गावाला पुरतं. खाडीचं खारं पाणी लागेपर्यंत ती मरत नाही.

काढायचा काळ फेब्रुवारी ते मे. पाणी उतरलेलं असतं, पसारा आकसलेला असतो, काठावर ट्रॅक्टर जातो, ऊन वाळवून देतं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तळ्यातला थर पूर्वेच्या काठाला येऊन दाटतो. माणसं तिथेच लावा, होडीचं काम निम्मं होतं.

दुसरी चूक अर्धवट काढण्याची. कोमट आणि सांडपाण्याच्या पाण्यात जलपर्णी साधारण आठ ते पंधरा दिवसांत दुप्पट होते. शंभरातली पाच रोपं राहिली आणि दर पंधरवड्याला दुप्पट झाली तर पाचाची दहा, वीस, चाळीस, ऐंशी. दोन महिन्यांत तळं परत झाकलं. म्हणून एक भाग हाती घ्या, तो पूर्ण साफ करा, दोराने अडवा, मगच पुढच्या भागाला हात लावा. आणि काम कायम प्रवाहाच्या वरच्या बाजूने खाली.

केळीबाग_रावेर

दादा, एकरी वजन किती धरायचं? ट्रॉलीच्या खेपांचा हिशेब दर वेळी फसतो.

तापीकाठचा

भाऊ, ट्रॉलीत वजन भरत नाही, जागा भरते. तिथेच अंदाज चुकतो. दाट थर असेल तर एकरी शंभर टन ओलं वजन सहज निघतं, जास्तही निघेल. पण न कापलेली जलपर्णी घनमीटरला जेमतेम शंभर किलो बसते. शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीत चार घनमीटर धरले तरी चारशे किलो. म्हणजे एका एकराला अडीचशे खेपा, आणि वाहून काय नेलं? पाणी. तिच्यात नव्वद-पंचाण्णव टक्के पाणीच असतं.

शंभर टनांत कोरडा भाग सहा टनांच्या आसपास. काठावर सुकवून ओल साठ टक्क्यांवर आणली की वजन पंधरा टनांवर येतं. म्हणून आधी सुकवा, मग कुट्टी करा, मग उचला. डिझेलचा खर्च तिथे वाचतो.

सुकवायची जागा पाण्याच्या रेषेपासून निदान वीस फूट वर हवी. काठाला लागूनच ढीग घातला तर खालचा थर ओला राहतो, मुळं जिवंत राहतात आणि पाणी चढलं की सगळं परत तरंगायला लागतं. थर फूटभरापेक्षा जाड नको, दुसऱ्या दिवशी उलटवा. मेच्या उन्हात चार-पाच दिवस पुरतात. दांडा वाकवल्यावर लवला तर अजून ओला, कडकन मोडला तर तयार.

पूर्णामाय

खताचं मी सांगते. बरेच जण ही नाडेपच्या टाक्यात भरतात. नाडेप पद्धत पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच अशी जाळीदार विटांची टाकी. शेतातल्या काडीकचऱ्याला उत्तम. पण फुलावर आलेल्या जलपर्णीला ती नको. नाडेप भरली की ढवळत नाहीत. मधला भाग तापतो, कडेचा तापत नाही, आणि कडेच्या भागातलं बी जिवंत राहतं. हे बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं, त्यामुळे इथे ढिलाई परवडत नाही.

त्याऐवजी उघडा ढीग लावा. पाच फूट रुंद, चार फूट उंच, लांबी हवी तेवढी. सुकलेली जलपर्णी कडबाकुट्टीतून दोन-तीन इंचांची करून घ्यायची. नुसती घातली तर बसते, चिकट होते, हवा कोंडते आणि वास मारते. म्हणून तीन पाट्या जलपर्णीला एक पाटी पऱ्हाटीचा भुगा किंवा केळीची वाळलेली पानं. पऱ्हाटीचे तुकडे ढिगात पोकळी धरून ठेवतात, तेच त्यांचं काम. दर सहा इंचांच्या थरावर शेणकाला. ओल किती? मूठ दाबली की बोटांच्या फटीत पाणी दिसावं, थेंब पडू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग तापतो. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर साठ अंशांच्या जवळपास आहे. बारा दिवसांनी पहिली पलटी, पंचविसाव्या दिवशी दुसरी. पलटी देताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर गेलंच पाहिजे, बी मरतं ते त्यानेच. पलटीनंतर ढीग परत तापला नाही तर पाणी आणि शेणकाला कमी पडलाय असं समजा. तीन महिन्यांत खत होतं. शंभर टन ओल्यातून हाती येतं पाच टनांच्या आसपास. विकून कंत्राट निघेल असं कोणी सांगत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. काढण्याच्या खर्चाला थोडा हातभार लागतो, त्यापलीकडे नाही.

केळीबाग_रावेर

ताई, केळीला आच्छादन म्हणून सरळ टाकली तर? पालाश चांगलं असतं म्हणतात.

पूर्णामाय

पालाश भरपूर असतं, केळीला आवडतं. कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, बेडवर चार इंच थर चालेल, पण पूर्ण वाळलेला आणि खोडापासून वीतभर लांब. ओला थर खोडाला टेकला तर कूज लागते. फुलं धरायच्या आधीचाच माल घ्या. ठिबकमुळे बेड सतत ओला राहतो, तरी शेतात जलपर्णीचं रान माजत नाही. तिला साचलेलं पाणी किंवा चिखल लागतो. धोका आहे तो बागेतलं पाणी वाहून जिथे साचतं त्या चरीचा. चर नाल्याला मिळत असेल तर ते आच्छादन नको.

आणि एक कडक अट. शहराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी येतं त्या नाल्यातली जलपर्णी खाण्याच्या पिकाला अजिबात नको. शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू ती शोषून घेते, पानांपेक्षा मुळांत जास्त. तसा माल वेगळा काढून वाळवायचा, आणि शेतात, गोठ्यात, भाजीच्या वाफ्यात जाऊ द्यायचा नाही.

शिवारसखा

इतकं सगळं करण्यापेक्षा तणनाशक मारून मोकळं व्हावं, असं गावोगाव बोललं जातं. दोन फवारण्यांत पिवळी पडते हे खरं आहे ना?

तापीकाठचा

पिवळी पडते, मग बुडते आणि पाण्यातच सडते. एकरी शंभर टन पाला पाण्यात सडला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दोन दिवसांत मासे वर येतात. मेलेल्या पाल्यातलं अन्नद्रव्य पाण्यातच राहतं, त्यावर उरलेलं बी जोमाने उगवतं.

खानदेशात आणखी एक मोठी अडचण आहे, कपाशी. २,४-डी या तणनाशकाला कपाशीइतकं नाजूक पीक नाही. तळ्यावर मारलेल्या फवाऱ्याचा धुरळा वाऱ्याने शेजारच्या शेतात गेला की आठवडाभरात नवी पानं अरुंद, लांबट आणि बोटांसारखी चिरलेली येतात. कपाशीला भेंडीची पानं आल्यासारखी दिसतात. शिरा समांतर आणि जाड होतात, पात्या गळतात. लोक रोग समजून बुरशीनाशकं मारत बसतात. आणि ज्या पंपाने २,४-डी मारलं तोच पंप नुसता विसळून कपाशीवर कीटकनाशकाला वापरला तरी हेच होतं. रबरी नळीत आणि वायसरमध्ये औषध धरून राहतं. त्याला पंप वेगळाच ठेवावा लागतो, दुसरा उपाय भरवशाचा नाही.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावर २०२२ मध्ये केंद्राने बंधन घातलं, ते फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरायचं. शिवाय पानावर गाळ बसलेला असेल तर ते गाळालाच चिकटतं, काम करत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जागी तर हा विषयच नको.

मोटरदुरुस्ती_चोपडा

उपसा योजनावाल्यांसाठी लिहितो, कारण सीझनला मोटरी जळतात त्या यामुळेच. जलपर्णीच्या मुळाला केसासारखे तंतू असतात. फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेच्या, जाळीवर ते नमद्यासारखे बसतात. पाणी कमी येतं, अँपिअर मीटरचा काटा नेहमीपेक्षा खाली उतरतो आणि पंपात गोट्या खडखडल्यासारखा आवाज येतो. काटा खाली आला म्हणजे लोड कमी, बरं झालं, असं समजू नका. सक्शन चोंदलंय. तसंच चालू ठेवलं तर आधी ग्लँडची दोरी जळते, मग इंपेलरला खड्डे पडतात.

पाणबुडी मोटरीचं याहून वाईट. ती सभोवतालच्या वाहत्या पाण्याने गार राहते. जाळी चोंदली की पाणी हलत नाही आणि वाइंडिंग जळतं. ड्राय रनचा, म्हणजे पाणी नसताना मोटर बंद करणारा, कटऑफ नसेल तर बसवा, मोटर भरण्यापेक्षा स्वस्त पडतो.

उपाय म्हणजे पिंजरा. तीन बाय तीन बाय तीन फुटांची अँगलची चौकट, सहाही बाजूंनी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. फूटव्हॉल्व्ह मधोमध, पाण्याच्या पातळीखाली किमान दोन फूट आणि तळापासून दीड फूट वर. जाळीचं क्षेत्र पाइपाच्या तोंडापेक्षा कित्येक पट मोठं असल्यामुळे पाणी हळू आत येतं आणि मुळं ओढली जात नाहीत. ही सगळी करामत पाण्याचा वेग कमी करण्याची आहे. बारीक मच्छरजाळी लावू नका, ती दोन तासांत बंद होते. पिंजऱ्याला दोर बांधून ठेवा, आठवड्याला उचलून खराट्याने झाडा.

शिवारसखा

अडवायचा दोर म्हणता तो नेमका कसा करायचा? नुसता नायलॉनचा दोर बांधला तर जलपर्णी त्याच्या खालून निघून जाते.

मोटरदुरुस्ती_चोपडा

दोराला तरंग आणि झालर दोन्ही पाहिजे. ११० मिलिमीटरचा पाइप, दहा-दहा फुटांचे तुकडे, दोन्ही टोकांना कॅप सोल्युशनने पक्की. असा पाइप मीटरला नऊ किलोच्या आसपास उचल देतो, स्वतःचं वजन वजा जाता सात-साडेसात धरा. तुकडे एकामागे एक ठेवून त्यांवरून आठ मिलिमीटरची तारदोरी, दर दोन फुटांवर क्लँप. पाइपांमध्ये वीतभर अंतर ठेवा, म्हणजे लाटेवर साखळीसारखं वाकतं, मोडत नाही. खाली दीड फुटाची शेडनेटची झालर आणि तिच्या खालच्या कडेला आठ मिलिमीटर सळईचे तुकडे, नाहीतर प्रवाहात ती वर उचलली जाते.

आडवा सरळ बांधू नका. प्रवाहाशी तिरपा बांधा, म्हणजे येणारी जलपर्णी घसरत एका काठाला गोळा होते. तो काठ ट्रॅक्टर पोचेल असाच निवडायचा. झाडाला बांधायचं असेल तर तारेखाली जुन्या टायरचे तुकडे घाला, साल कापली जाते. प्रवाहाचा जोर वाढला की थर झालरीखाली बुडून पार होतो. तेव्हा दोराला दोष देऊन उपयोग नाही, तो संथ पाण्यासाठीच आहे. पहिल्या पुराआधी एक टोक सोडून सगळा दोर काठाला लावून ठेवा. पुरात बांधलेला राहिला तर वर ओंडके अडकून बंधाऱ्याचा खांबच ओढला जातो.

धरणाच्या पाण्यात काही बांधण्याआधी पाटबंधाऱ्याच्या उपविभागाची लेखी परवानगी घ्या, मासेमारीचा ठेका असेल तर त्या संस्थेलाही विचारा. जाळी लावायच्या वाटा त्यांना माहीत असतात.

वनस्पतीवेडी

भुंग्यांचा विषय कोणीच काढला नाही. निओचेटिना जातीचे दोन भुंगे, आयकॉर्नी आणि ब्रुकी, भारतात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणले गेले. ते जलपर्णीवरच वाढतात, पिकांवर जात नाहीत. बंगळुरूच्या परिसरातल्या तलावांवर त्यांचं काम दिसून आलंय. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय या विषयावर काम करतं, चौकशी तिथे करता येते.

पण खानदेशात ते कुठे चालतील हे ओळखायला हवं. भुंग्याची एक पिढी पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात, फरक दिसायला दोन-तीन वर्षं. अळी दांड्यातून पोखरत गाभ्यात उतरते आणि कोष मुळांत करते. म्हणजे रोपं वाहून गेली की भुंगेही गेले. त्यामुळे हतनूर, सुलवाडे अशा दरवाजे उघडणाऱ्या ठिकाणी मुख्य पात्रात सोडणं वाया जातं. गावतळी, पाझर तलाव, नदीच्या बाजूच्या डोहांत जिथे पूर थर उचलत नाही, तिथे सोडा.

सोडल्यावर एक कोपरा हात न लावता राखायचा, तळ्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, दोराने अडवून. तीच त्यांची नर्सरी. एकीकडे भुंगे सोडायचे आणि दुसरीकडे दर महिन्याला सगळं उपसायचं, तर दोन्ही कामं फुकट. आणताना ताज्या पानांसह, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत, दोन दिवसांच्या आत पोचवायचे. गाडीच्या काचेमागे उन्हात डबा ठेवला तर सगळे मरतात.

काम चालू आहे का ते पानावर वाचता येतं. प्रौढ भुंगा पानाचं साल खरवडतो, त्याचे तीन-चार मिलिमीटरचे तपकिरी चौकोनी-गोलसर ठिपके दिसतात. नवीन मधल्या पानावर दहा-वीस ठिपके दिसायला लागले, दांडे बारीक झाले आणि फुलं कमी झाली की पकड बसली. दांडा बुडाशी चिरून पाहा, काळपट बोगदा आणि पांढरी अळी दिसेल.

केळीबाग_रावेर

धरणातला गाळ शेतात आणतो त्याच्यासोबत बी येत असेल ना?

वनस्पतीवेडी

येतं. गाळमुक्त धरण योजनेतला गाळ कोरडवाहू शेतात पसरला तर काळजी नाही, बी उगवलं तरी चिखल आटला की रोप मरतं. तोच गाळ शेततळ्याच्या बांधाला लावला किंवा शेततळ्याजवळ ढीग ठेवला तर पावसात बी आत उतरतं. एका शेंगेत तीनशेपर्यंत बिया असतात, तशा एक-दोन शेंगा आल्या तरी पुरे. गाळ शेततळ्यापासून उताराच्या खालच्या अंगाला टाका.

गाळपेरीवाल्यांनी, म्हणजे धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या गाळावर पीक घेणाऱ्यांनी, हे लक्षात घ्यावं. पाणी उतरताना उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर जानेवारीनंतर बारीक रोपं उगवतात. फुगलेला दांडा नसतो, गवतासारखी दोन-तीन अरुंद पानं. तेव्हा वखराची एक पाळी दिली की लाखभर रोपं जागेवर वाळतात. नंतर तेच काम होडीतून करावं लागतं. गाळपेरीची जमीन पडीक ठेवू नका, हे सगळ्यात स्वस्त नियंत्रण आहे.

आणखी एक, काठावरचं सगळं हिरवं उपटू नका. पानकणीस देशी आहे, ते मुळाने तळाला धरून असतं, हतनूरच्या पाणपक्ष्यांना आडोसा देतं. बेशरम मात्र परदेशी. ती तोडून पाण्यात टाकली तर प्रत्येक पेराला मुळं फुटतात. खडकावर टाकून वाळवा, आणि शेळ्यांना खाऊ देऊ नका, विषारी आहे.

जाळंवाला

माशांकडेही बघा. जाळ्यात परकी जात येते ती बरेचदा कोणीतरी सोडलेली असते. तिलापी १९५२ मध्ये देशात आली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, म्हणून बंदिस्त तळं तिच्याच बारक्या माशांनी भरतं. बोटभर तिलापीने भरलेल्या तळ्यात कटला-रोहूचं बीज सोडून पैसे पाण्यात घालू नका. उन्हाळ्यात तळं आटवा, तळाच्या डबक्यात कळीचा चुना मारा, मग बीज सोडा.

थाई मागूर, म्हणजे आफ्रिकन मागूर, त्याची पैदास आणि विक्री देशात २००० पासून बंद आहे. देशी मागूर सहसा अर्ध्या किलोच्या पुढे जात नाही. अंगावर संगमरवरासारखे डाग असलेला, चपट्या रुंद डोक्याचा, किलो-दोन किलोचा मागूर बाजारात दिसला की ओळखा. तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या रात्री जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो आणि दुसरे मासे, बेडूक, काय सापडेल ते खातो. म्हणून शेततळ्याला कुंपण आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

सकर मासा शोभेच्या टाकीतून येतो. अंगावर हाडांची ढाल, पंखांना काटे. जाळ्यात अडकला की सोडवताना जाळं फाटतं. वीण घालायला काठात बिळं करतो, मातीचा बांध त्याने ढासळतो. सापडला तर पाण्यात परत टाकू नका. बादलीत घालून ठेवला तरी बराच वेळ जगतो, म्हणून मेल्याची खात्री करून खोल पुरा, काठावर टाकून निघून जाऊ नका.

पूर्णामाय

आणि डासांसाठी गप्पी?

जाळंवाला

गप्पी हौदात, बांधकामाच्या टाकीत, घरच्या रांजणात ठेवा. नदी-नाल्यात, तळ्यात सोडू नका. तेही परदेशीच आहेत आणि आपल्या बारक्या माशांची अंडी-पिल्लं खातात. पुराच्या पाण्याने हौद भरून वाहतो त्या वाटेवर बारीक जाळी लावा.

जाळं एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेताना झाडून, दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा. गाठींमध्ये जलपर्णीचा कोंब आणि माशांची अंडी ओली राहतात. होडीच्या तळातलं पाणी काढून टाका, तेही तळ्यात नको, रानात.